म्हैस ज्या हौदाला तोंड लावेना

माझ्या छातीत डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, एक यंत्र बसवलेलं आहे. वरून बोट फिरवलं तर वापरून झिजलेली साबणाची वडी कातडीखाली ठेवल्यासारखी लागते. मुंबईला ते बसवलं तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि पहूरच्या पंचक्रोशीत असलं यंत्र दुसऱ्या कुणाच्या छातीत नव्हतं. माझ्यावर विश्वास ठेवायची तयारी असेल तर सांगतो, तापीपासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत नव्हतं. त्याचं काम एकच. काळीज ठेका सोडून नुसतं थरथरायला लागलं की त्याला आतल्या आत विजेचा दणका द्यायचा आणि पुन्हा कामाला जुंपायचं. म्हणजे मी झोपलो तरी माझ्या छातीत एक मुकादम जागा असतो.

ही वेळ आली ती पारोळ्याला. मी भावाबरोबर कापूस घेऊन बाजारात गेलो होतो. भाव ऐकला आणि आडवा झालो. कापसाच्या ढिगावरच पडलो म्हणून कपाळ फुटलं नाही. माझ्या थोरल्या भावानं जीपमध्ये घालून धुळ्याला नेलं. वाटेत मी दोनदा मेलो असं भाऊ सांगतो. मी तीनदा सांगतो, कारण मेलो मी होतो, तो नव्हे. धुळ्याच्या डॉक्टरांनी छातीवर दोन तवे ठेवून मला परत आणलं, आणि म्हणाले, हे पुन्हा होईल, तेव्हा तवे घेऊन मी जवळ असेन असं नाही, तवे छातीतच बसवून घ्या. मग मुंबई. त्याचे पैसे कुठून आले ते विचारू नका, ती गोष्ट याहून लांब आहे आणि तीत मी इतका शूर नाही.

निघताना तिथल्या डॉक्टरांनी काय पाळायचं ते सांगितलं. वेल्डिंगच्या जवळ जायचं नाही. मोठं चुंबक छातीशी न्यायचं नाही. चालू इंजिनावर ओणवं व्हायचं नाही. एवढंच. घरच्या विजेबद्दल ते म्हणाले, वायरिंग नीट असलं की काही होत नाही.

भाऊ दाराशी उभा राहून हे ऐकत होता. पहूर येईपर्यंत त्याच्या डोक्यात या तीन गोष्टींच्या तीस झाल्या. आम्ही घरात पाऊल ठेवलं तेव्हा ट्यूबलाइट बंद होती, टीव्ही शेजारच्यांच्या ओसरीवर गेला होता, पंख्याची पाती कापडानं बांधली होती आणि माझ्या खाटेशेजारी कंदील ठेवला होता. वीज गावात आली त्या वर्षी ज्यानं पेढे वाटले होते, त्या माणसानं माझ्यापुरती ती परत पाठवली.

"अरे, डॉक्टर म्हणाले पंखा चालतो," मी म्हणालो.

"डॉक्टर मुंबईत राहातो. तू मरशील तं तिरडी मले बांधा लागीन," भाऊ म्हणाला. वर त्यानं मोटारीच्या खोलीची किल्ली माझ्या करदोड्याची सोडून स्वतःच्या करदोड्याला बांधली.

आमची केळीची बाग गावापासून हाकेच्या अंतरावर. विहीर एकच, मोटार एकच, बागेचा निम्मा हिस्सा त्याचा, निम्मा माझा. लग्नाच्या आधीपासून ती किल्ली माझ्या कमरेला होती. मोटार मी चालू करायची, पाणी मी फिरवायचं, हिशेबाचं आणि बाजाराचं भावानं बघायचं, असं बोलता न बोलता ठरून गेलेलं. किल्ली गेली म्हणजे मी बागेतून गेलो. पाण्यावाचून केळी काय आणि केळीवाचून मी काय.

गावानं मात्र माझं सोनं केलं. लोक बघायला यायचे. कुणी म्हणे, याच्या हातात बल्ब धरला की पेटतो. मी नाही म्हटलं नाही. उलट सांगितलं, पेटतो, पण साठचाच, शंभरच्याला मला आधी जेवावं लागतं. एकाला सांगितलं की माझ्या छातीत आकाशवाणी जळगाव लागते. तो भला माणूस छातीला कान लावून बसला आणि माझं पोट नेमकं तेव्हाच बोललं. तो उठला आणि म्हणाला, "बाजारभाव लागले हायेत." घरात माझी बायको एवढी हसली की भाऊसुद्धा आत येऊन बघून गेला.

पण हसण्यावर दिवस जात नाहीत. एक दिवस भाऊ जळगावला गेलेला पाहून मी बागेत गेलो. किल्ली नव्हती, पण मोटारीची खोली उघडीच होती, कारण आमचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी, आत होता. मी स्टार्टरला खांदा टेकून विडी ओढली. भिंतीत लोखंडी पेटी, पेटीत तिन्ही फेज, आणि माझं यंत्र त्यांच्यापासून वीतभर. काही झालं नाही. मोटार सुरू झाली, गुरगुरली, मी तिच्या पाठीवर हात फिरवला. काही झालं नाही. मग हातपाय धुवायला मी हौदावर गेलो.

हा हौद नीट सांगितला पाहिजे. विहिरीचं पाणी पाइपातून सिमेंटच्या हौदात पडतं आणि तिथून पाटानं बागेत जातं. हौदाभोवती कायम चिखल. शेजारीच खोलीबाहेर एक बल्ब टांगलेला असतो आणि तो आम्ही कधीच बंद करत नाही. आमच्याकडे लाइट कधी येईल ते फक्त लाइटला माहीत. तेव्हा बटण चालूच ठेवायचं. गावातून, बांधावरून, कुठूनही तो बल्ब पेटलेला दिसला की धावत जाऊन मोटार चालू करायची. त्या बल्बची एक तार फेजला जोडलेली आणि दुसरी जमिनीत ठोकलेल्या पहारीला. मोटारीला तीन फेज येतात, परतीची तार येत नाही. मग आम्ही जमिनीलाच परतीची तार करतो. आमच्या शिवारात सगळेच करतात. बल्ब मिणमिणायला लागला की पहारीच्या बुडाशी बादलीभर पाणी ओतायचं, बल्ब असा उजळतो की नवरी लाजावी.

मी सदरा काढून त्या पहारीला अडकवला, अनवाणी चिखलात उभा राहिलो आणि दोन्ही हात कोपरापर्यंत हौदात घातले. हातांना बारीक झिणझिण लागली. ती तिथं सगळ्यांनाच लागत होती. धुणं घेऊन येणाऱ्या बायका म्हणायच्या, पाणी गार हाये, हात बधिरतात. मी तोंडावर पाणी मारायला वाकलो, आणि मला लाथ बसली.

बाहेरून बसलेल्या लाथा मला माहीत आहेत. बैलाच्या खाल्ल्या, म्हशीच्या खाल्ल्या, एक मास्तरांचीही खाल्ली. ही आतून बाहेर आली. डोळ्यांपुढे पांढरं झालं आणि मी मागच्या मागे चिखलात. सालदार सांगतो की मी वीतभर उडालो. तो कंजूष माणूस आहे, मी पुरुषभर उडालो. खाली आलो तेव्हा काळीज आपलं नेहमीच्या ठेक्यात चाललेलं होतं, जणू त्याचा या भानगडीशी काही संबंध नाही.

मी सालदाराला शपथ घातली. त्यानं ती पाळली, म्हणजे भाऊ जळगावहून येईपर्यंत पाळली.

आठवडा मधे गेला नाही तो मी पुन्हा गेलो. माणसाला स्वतःच्या हौदावर तोंड धुता येऊ नये हे मला पटेना. तीच जागा, तोच चिखल, तीच झिणझिण, तीच लाथ. या वेळी भाऊ बांधावरून पाहात होता.

त्यानं मला उचलून घरी आणलं. चार माणसं जमवली. वायरमनला बोलावलं. त्यानं मोटार तपासली, स्टार्टर तपासला, पाइपाला टेस्टर लावला आणि म्हणाला, "मोटार एक नंबर हाये. कुठीच करंट नाही." ते ऐकून भावानं निकाल दिला. मोटार चांगली आहे, म्हणजे वाईट मीच आहे.

"हा मोटारीजोळ उभा राहातो, त्यानं ते यंत्र भडकतं," त्यानं चार माणसांना सांगितलं.

"मोटारीला खांदा टेकून मी विडी ओढली, तेव्हा भडकलं नाही," मी म्हणालो. "हौदावरच का भडकतं?"

"लाइट तिथीही हाये आन् इथीही हाये. तुले मरायचंच असलं तं कापसाच्या ढिगावर मर. माह्या विहिरीवर नको."

माझ्या विहिरीवर, म्हणाला. आपल्या म्हणाला नाही. त्या एका शब्दानं मला जेवढं भाजलं तेवढं दोन्ही दणक्यांनी भाजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो मला धुळ्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांकडे मुंबईहून एक माणूस यंत्र तपासायची पेटी घेऊन अधूनमधून यायचा, तो आलेला होता. त्यानं माझ्या छातीवर इस्त्रीसारखं काहीतरी ठेवलं आणि पेटीच्या पडद्यावर रेघा उमटल्या. मी यंत्राला काही विचारलं नव्हतं, तरी त्यानं दोन्ही वेळचं सगळं सांगितलं. चुगलखोर.

डॉक्टरांनी रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दोन्ही वेळेला तुमचं हृदय व्यवस्थित चाललं होतं."

"मग मला मारलं कशाला?"

"यंत्राला वाटलं, ते थरथरतंय. ही रेघ बघा. बारीक, दातेरी, अगदी सारख्या अंतराची. हृदय इतक्या शिस्तीत बिघडत नाही. ही बाहेरची वीज आहे, खांबावरून येते तीच. पाण्यातून तुमच्या अंगात शिरली आणि हृदयात सोडलेल्या तारेनं ती उचलली."

"म्हणजे यंत्राला राखण नाही?"

"आहे ना. बाहेरून धातूचं कवच आहे, आत गाळण्या आहेत. टीव्ही, ट्यूब, मोटार यांची गडबड हवेतून येते, ती गाळली जाते. पण करंट तुमच्या अंगातूनच वाहायला लागला, तर यंत्रानं त्यातून हृदय कसं वेगळं काढायचं? दुसऱ्या माणसाला एवढ्याशा करंटानं हात झिणझिणल्यासारखं वाटेल, बस. तुम्हाला मात्र यंत्र दणका देणार. आणि उगाच दिलेला दणका बरा नसतो."

"आता मी काय करू?"

"कुठून गळतोय ते शोधा आणि बंद करा. तोवर त्या पाण्याला हात लावू नका. बाकी शेतात खुशाल जा."

माणसं दवाखान्यातून आपापल्या मापाचं घेऊन बाहेर पडतात. भावानं 'हात लावू नका' एवढं उचललं आणि 'खुशाल जा' तिथंच बाकावर विसरला. रिक्षा स्टँडकडे न वळता पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात शिरली तेव्हा मला कळलं. देवपुरात माझी मुलगी दिलेली. भावानं तिला आधीच निरोप धाडला होता, आणि बायको माझे कपडे घेऊन तिथं येऊन बसली होती.

लेकीचं घर दुसऱ्या मजल्यावर. खाली फरशी, वर छत, मधे मी. नातवाच्या खोलीत माझी खाट. जावई कॉलेजात नोकरीला, सभ्य माणूस, माझ्याशी इतकं हळू बोलायचा की मला वाटे मी खरंच मेलोय आणि हा श्रद्धांजली वाहतोय. मुलगी मिक्सर लावायच्या आधी ओरडायची, "बाबा, बाहेर गॅलरीत जा." मी गॅलरीत. इस्त्री लावली, मी गॅलरीत. त्या गॅलरीतून उन्हाळ्यातली पांझरा दिसायची, म्हणजे वाळू दिसायची. तिला बघून मला आमच्या बागेची पानं डोळ्यांपुढे यायची. वळीत पाणी गेलं की नाही, केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापली की नाही, काही कळायला मार्ग नाही.

मी गप्प बसलो असेन असं समजू नका. मी दूधवाल्याला सांगितलं की माझ्याजवळ उभं राहून माप घातलं तर दूध नासतं. तो जिन्यातच दूध ठेवून पळायला लागला. वरच्या मजल्यावरच्या गुरुजींचा टीव्ही मुंग्यांनी भरला की ते वाकून विचारायचे, "आबा, तुम्ही गॅलरीत आहात का?" मी म्हणायचो, "आहे. आत जातो." मी आत गेलो की त्यांचा टीव्ही स्वच्छ दिसायचा, हे ते अजून शपथेवर सांगतील.

पण हे सगळं दात काढून केलेलं रडणं होतं. केळी उन्हाळ्यात माणसाची वाट बघत नाही.

मग एके सकाळी भाऊ आला. पिशवीत घड नव्हता, फक्त फणी होती, तेवढ्यावरून मी ओळखलं की बागेचं काही धड नाही. चहा झाला. त्यानं बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "ऐक. तू आता इथीच राहा. बागेचं बठ्ठं काम मी पाहातो. तुहा हिस्सा मी करतो, पीक निंघालं की तुले देतो. विहिरीवर तुहं काम नाही आता."

मी त्याची बशी उचलून बाजूला ठेवली. बोलायला लागलो असतो तर त्या इमारतीचे सगळे मजले खाली आले असते.

"आन् म्हैसही बाजारात नेतो म्हनतो," तो पुढे म्हणाला.

ती म्हैस माझी. मी वाढवलेली, माझ्याइतकीच अडमुठी. "तिनं काय केलं?"

"पानी नाही पीत. हौदाले तोंड लावत नाही. लाव म्हटलं का मान झटकती अन् मागं सरती. गुरांचा डॉक्टर आला, बाटली पाजली, गुन नाही. तुह्यासाठी झुरत अशीन, लोक म्हनतात."

"घरी बादलीतलं पिते?"

"घरी बादलीतलं गटगटा पिती. तेच तं. हौदावर तिचं डोकं फिरतं. दूध आटलं."

बघा आता. हौदावर माझं डोकं फिरलं तर मला देवपूर, आणि हौदावर म्हशीचं डोकं फिरलं तर तिला बाजार. दोघांवर एकच आरोप. कायदा सगळ्यांना सारखा असतो म्हणतात, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आणि माझ्या मनात आलं की माझ्या छातीत निदान यंत्र तरी आहे. म्हशीच्या छातीत काय आहे?

"भाऊ," मी म्हणालो, "तिनं पाणी कधीपासून सोडलं?"

"तू मुंबईले होता तवापासून. तुले सांगतलं नाही, काळजी करशीन म्हून."

"तेव्हा हौदावर नवीन काय केलं तू?"

"काही नाही केलं. हौद तोच, मोटार तीच." मग म्हणाला, "पहार तेवढी हलवली. खोलीमागं जमीन पार वाळून गेलती, बल्ब पेटेना. मंग हौदाजोळ ठोकली, तिथी ओल राहाते. आता कसा लखलख पेटतो."

मी खाटेवरून उतरलो. बायकोनं माझं तोंड पाहिलं आणि ती पिशवी भरायला लागली. ती माझ्याबरोबर इतकी वर्षं राहिली आहे की तिला कारण लागत नाही.

"कुठी चालला?" भाऊ म्हणाला.

"माझ्या विहिरीवर."

"बाबा, डॉक्टरांनी त्या पाण्याला..." मुलगी म्हणाली.

"डॉक्टरांनी शोधा म्हणून सांगितलं. शोधायला ते येणार नाहीत, मीच जाणार."

भाऊ दारात आडवा झाला. तेव्हा माझी बायको, जी त्याच्यासमोर कधी पदर सारखा केल्याशिवाय उभी राहिली नाही, ती म्हणाली, "भाऊजी, हे अजून आठ दिवस त्या गॅलरीत बसले तर यंत्राची गरज नाही, मीच मारीन. सरका."

तो सरकला. पण आमच्याच बसमध्ये, आमच्याच मागच्या बाकावर येऊन बसला, आणि पारोळा, एरंडोल, जळगाव, तिथून दुसरी बस, पहूर येईपर्यंत माझ्या मानेवर श्वास टाकत राहिला. वाटेत पारोळ्याला बस थांबली. कापसाचा तो बाजार मी खिडकीतून पाहिला आणि मनात म्हणालो, मी अजून आहे रे.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली. बल्ब पेटला तसा मी म्हैस सोडली. हौदापासून मी स्वतः चांगला लांब, बांधावर, कोरड्या ढेकळांवर उभा. मी अडमुठा आहे, मूर्ख नाही. माझ्यामागे अर्धं गाव, कारण सालदाराला मी शपथ घालून सांगितलं होतं की कुणाला सांगू नकोस.

भावानं मोटार चालू केली. पाणी पडायला लागलं. सालदारानं म्हैस हौदाकडे नेली. ती तहानलेली होती, सकाळपासून मी तिला पाणी दाखवलं नव्हतं. चिखलात पुढचे पाय पडले, तोंड पाण्याला लागलं न लागलं, आणि तिनं मान झटकून फुस्स केलं. चार पावलं मागे.

"पाहा," भाऊ म्हणाला, "मोटारीचीच भीती हाये तिले."

"मोटार राहू दे चालू," मी म्हणालो. "बल्बचं बटण बंद कर."

"बल्बाचा काय संबंध?"

"तू कर तर."

त्यानं बटण दाबलं. बल्ब विझला, मोटार तशीच घरघरत राहिली, धार तशीच पडत राहिली. म्हैस आपल्या मनानं पुढे झाली. चिखलात पाय घातले. तोंड लावलं. आणि प्यायली. अशी प्यायली की मला वाटलं हौद संपवून विहिरीत उतरते. मी म्हणेन, पाण्याची पातळी वीतभर खाली गेली. सालदार म्हणेल बोटभर.

"लाव बल्ब," मी म्हणालो.

बल्ब लागला. म्हशीनं तोंड वर फेकलं, पाणी सगळ्यांच्या अंगावर, आणि ती थेट पाटापलीकडे. बंद केला, आली. लावला, गेली. बांधावरचं अर्धं गाव बल्बाकडे बघायला लागलं.

बल्बातून निघालेला करंट पहारीवाटे जमिनीत उतरत होता, आणि पहार हौदाला टेकून. तिथली ओली माती, तो चिखल, सगळ्यात तो पसरत होता. पाय चिखलात आणि तोंड पाण्यात म्हणजे करंटाला जायला रस्ता. म्हशीला चार पाय, ओलं नाक, तिला तो आमच्याहून जास्त लागायचा. आम्हाला झिणझिण. आणि मला लाथ. वायरमननं मोटार तपासली ती बरोबरच होती, चोर मोटारीत नव्हताच. तो जागा बदलून बाहेर उजेडात उभा होता आणि मी, जागा का बदलली हे न विचारता, त्याच्या खांद्यावर सदरा अडकवत होतो.

वायरमन काट्याचं मीटर घेऊन आला. एक टोक पाण्यात, एक चिखलात. बल्ब लागला की काटा हलायचा, विझला की पडून राहायचा. म्हशीनं सांगितलं होतं त्यापलीकडे त्यानं काही सांगितलं नाही, पण आता सांगायला आकडा झाला.

मी पहार उपटली. मी स्वतः, बल्ब बंद करून, तार सोडून. आणि त्याच पहारीनं खोलीमागे, हौदापासून लांब, सालदाराला खड्डा खणायला लावला. त्यात वायरमननं पत्रा पुरला, कोळसा आणि मीठ घातलं, आणि मोटारीचं खरं अर्थिंग पहिल्यांदा झालं. बल्बसाठी मात्र जमिनीची गरजच राहिली नाही. दोन बल्ब एकामागे एक जोडले आणि दोन फेजांमध्ये टांगले. दोघं मिळून भार वाटून घेतात. आता आमच्या विहिरीवर लाइट आली की दोन दिवे लागतात. शेजारचे म्हणतात, हे श्रीमंत झाले.

मी पहूरच्या एसटीडी बूथवरून धुळ्याला फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, मीटरचा काटा दोनदा विचारला, मग म्हणाले, "सापडलं ना, आता हरकत नाही. पण पुन्हा झिणझिण लागली तर क्षणभरसुद्धा थांबू नका." म्हशीबद्दल ते बराच वेळ हसत होते.

एवढं होऊनही भावानं किल्ली सोडली नाही. काटा त्यानं पाहिला, म्हैस त्यानं पाहिली, पण त्याच्या डोळ्यांपुढे मी जीपमधला होतो. तो म्हणाला, "पानी म्हैस पेली. तू नाही पेला."

"मग चालू कर मोटार," मी म्हणालो.

मी सदरा काढला. अडकवायला पहार नव्हती, तो बायकोच्या हातात दिला. अनवाणी चिखलात उभा राहिलो. भाऊ खोलीच्या दारात, हात स्टार्टरवर ठेवायचा आणि परत मागे घ्यायचा. त्या क्षणी माझ्याऐवजी त्याच्या छातीत यंत्र असतं तर त्यानं नक्की दणका दिला असता.

"चालू कर ना," मी म्हणालो.

"तू आधी देवाचं नाव घे."

"देवाला यातलं कळत नाही. चालू कर."

मोटार गुरगुरली. वरचे दोन्ही बल्ब पेटलेले. धार पडायला लागली. मी पहिल्यांदा एक बोट घातलं. मग हात. मग कोपरापर्यंत दोन्ही. नुसतं गार पाणी. झिणझिण नाही. बायका इतके दिवस ज्याला गारठा म्हणत होत्या तो गेला होता आणि खरा गारठा उरला होता. मी वाकलो, तोंडावर पाणी मारलं, मग आख्खाच्या आख्खा हौदात उतरलो आणि धारेखाली बसलो. डोक्यावर धार, छातीवर धार, साबणाच्या वडीवर धार. आतला मुकादम पडून राहिला.

खूप वेळ बसलो. एवढा वेळ की लाइट जायची वेळ आली. भाऊ दारातून हलला नाही. शेवटी तो आला, करदोड्याची गाठ सोडायला लागला, आणि ती ओली असल्यासारखी सुटेना. त्यानं नखानं उकलली. किल्ली हौदाच्या काठावर ठेवली.

"निंघ आता," तो म्हणाला. "सर्दी झाली तं डॉक्टरले काय सांगू?"

"थांब," मी म्हणालो. "तिचं पिणं होऊ दे."

म्हैस माझ्या समोर उभी होती, पाणी पीत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.